मागच्या दिव्याची काळी तार

१

ऋतुजाला वाटलं होतं, शिरूर कासारच्या मोटारसायकलींना मागचे दिवेच नसतील. कोइमतूरला इंजिनिअरिंग शिकून परतताना तिनं मनाशी सगळं चित्र रंगवलं होतं: अंधारी गाडी, तिच्यावर नवरा-बायको, मागून भरधाव येणारा ट्रक, आणि मध्ये फक्त आपण बसवलेला एक लाल दिवा. प्रत्यक्षात येऊन बघते तर दिव्यांची जत्रा. नेहमीचा दिवा प्रत्येक गाडीला होताच. शिवाय नंबरप्लेटभोवती एलईडीची पट्टी, मडगार्डखाली निळी माळ, कॅरिअरला टांगलेला आणखी एक लाल डोळा, आणि एखाद्या हौशी गड्याच्या गाडीला ब्रेक दाबला की गरगर फिरणारं चक्र. दिवे भरपूर होते. फक्त ते धड लागत नव्हते.

कारण तिला पहिल्याच दिवशी सापडलं. विजेला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते. लाल तारेनं ती दिव्यापर्यंत जाते आणि दिवा पेटवून काळ्या तारेनं बॅटरीकडे परतते. लोकांनी हौसेनं दिव्यामागून दिवे जोडले होते, पण परतायची काळी तार तीच, कारखान्यातून आलेली, गोधडीच्या दोऱ्याहून जराशी जाड. सगळ्यांचा भार तिच्यावर. ती तापायची, तिचं आवरण वितळायचं, आणि मग वीज मिळेल त्या वाटेनं परतायला बघायची. ब्रेक दाबावा तर इंडिकेटर मिणमिणायचा, इंडिकेटर द्यावा तर नंबरप्लेट लुकलुकायची, आणि एखाद्या वळणावर सगळंच एकदम विझायचं.

ऋतुजाला खरं तर आनंद झाला. दिवे नसते तर ते वाटत फिरावं लागलं असतं. हा आजार तिच्या ओळखीचा होता. तिनं बंकट मिस्त्रीच्या गॅरेजशेजारचा गाळा घेतला आणि शटरवर स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरांत रंगवलं: ऊसतोडीला जाणाऱ्यांचा मागचा दिवा मोफत दुरुस्त.

"मॅडम, मोफत लिव्हलं की लोक बायकोचं मंगळसूत्रबी झाळून मागत्याल," बंकट मिस्त्री दारात उभा राहून म्हणाला.

"तेही झाळीन, काका. पण आधी दिवा."

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधी या गावातली एकही गाडी अंधारी राहणार नाही, असं तिनं ठरवलं होतं. ती सकाळी शटर उघडायची ते दिवेलागणीपर्यंत वाकलेलीच. तिच्या हातून गेलेली एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नाही. आदिनाथची सोडून.

२

आदिनाथ आणि मंगल हे गावाबाहेरच्या वस्तीवरचं जोडपं. पावसाळ्यात शेळ्या आणि थोडी बाजरी, दसऱ्यानंतर ऊसतोड. त्यांची गाडी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यात वेगळं असं काही नव्हतं. ऋतुजानं बॅटरीपासून मागच्या दिव्यापर्यंत नवी जाड काळी तार टाकली, फ्रेमवरचा रंग खरवडून टोक नटाखाली आवळलं आणि दिवा लावून दाखवला. मागची भिंत लालभडक झाली.

आठवडाभरात गाडी परत. दिवा मेलेला. नवी तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी, आवरण बोटाला चिकटणारं.

"अजून काय काय जोडलंत हिला?" ऋतुजानं विचारलं.

"काईच न्हाई ताई, तुमची आन. तुमी दिली तशी नेली."

बंकट मिस्त्री चहाचा कप घेऊन बघायला आला. "आदिनाथ, भार दिव्यांचा न्हाई बे. वहिनीचा हाय."

मंगल पायरीवर बसली होती. तिनं मान न वळवता उत्तर दिलं, "मिस्त्री, तुमी बसलात की बुलेट जमिनीला टेकती. आमचं कावून काढता?"

बंकट खो खो हसला. ऋतुजालाही हसू आलं. आदिनाथ मात्र हसला नाही. गाडीच्या सीटवर हात ठेवून तो म्हणाला, "पर गाडी मागून जड लागती, ह्ये खरं हाय. पाडव्यापासनं. चढाला दम खाती. आमी दोघंच आसतो, पर चौघं बसल्यावानी."

"शॉकअप गेले आसत्याल."

"तुमीच बदलले की उन्हाळ्यात."

बंकटनं कप हलवून तळाचा चहा पिऊन टाकला आणि तो आपल्या गॅरेजात गेला.

ऋतुजानं दुप्पट जाडीची तार टाकली. या तारेवर ट्रॅक्टरचे दिवे चालले असते. ती दोन दिवस टिकली.

तिसऱ्या वेळी आदिनाथ गाडी ढकलत आला. त्याचा चेहरा उतरलेला होता. "ताई, उद्या सांजच्याला टोळी निघती. सामान ट्रकात, आमी गाडीवर मागनं. नगर रोडला रातच्याला काय ट्रक चालत्यात तुमाला ठाव न्हाई. गेल्या साली आमच्या वस्तीचा सुग्रीव आन् त्याची बायको..." त्यानं गाडी स्टँडवर लावली. मग म्हणाला, "त्याचाबी मागचा दिवा गेलता."

"गाडी आजच्या दिवस इथं ठेवा," ऋतुजा म्हणाली. "उद्या तुम्ही निघाल तेव्हा हा दिवा लागलेला असेल. माझा शब्द."

तिनं आजवर दिलेला एकही शब्द मोडला नव्हता, आणि तारेनं तो मोडायला लावावा हे तिला मान्य नव्हतं.

३

तिच्याकडे चिमट्यासारखं एक मीटर होतं. तारेभोवती धरलं की तिच्यातून किती वीज वाहते आहे ते आकड्यात दाखवायचं. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, मागचं चाक भिंतीच्या उलट बाजूला, रस्त्याकडे करून तिनं सगळे दिवे लावले आणि चिमटा लाल तारेभोवती धरला. दिव्यांना लागेल तेवढीच वीज जात होती. मग तो काळ्या तारेभोवती धरला.

आकडा कितीतरी मोठा होता.

ती हसली. मीटर बिघडलं. बंकटकडे दुरुस्तीला आलेली एक गाडी तिनं मागून आणली आणि मोजली. जाणारी वीज आणि येणारी वीज, दोन्ही आकडे तंतोतंत एक. मीटर शहाणं होतं.

ती परत आदिनाथच्या गाडीपाशी आली आणि शाळेतल्या मुलीला गणित समजावावं तसं स्वतःला समजावत कामाला लागली. इंजिनाची वीज फ्रेममधून इकडे शिरत असेल. इंजिन बंद. आकडा तसाच. एखादा दिवा आतून शॉर्ट झाला असेल. तिनं एकेक दिवा सोडवायला घेतला. पट्टी काढली, माळ काढली, कॅरिअरचा लाल डोळा काढला. लाल तारेवरचा आकडा प्रत्येक दिव्यागणिक उतरत शून्यावर आला. काळ्या तारेवरचा उतरला नाही.

शेवटी तिनं सगळे बल्ब एका वाटीत काढले आणि बॅटरी उचलून टेबलावर ठेवली. आता त्या गाडीत वीज असायला काही कारणच उरलं नव्हतं. काळी तार एका टोकाला रिकाम्या दिव्याला आणि दुसऱ्या टोकाला नुसत्या फ्रेमला बांधलेली. तिनं तारेला हात लावला. शेळीच्या कानासारखी कोमट होती.

गेलेली वीज परत येते. गेली त्याहून जास्त येऊ शकत नाही. हा नियम कोइमतूरला खरा आणि शिरूर कासारला खोटा, असं होत नाही. ऋतुजाची यावर श्रद्धा होती. श्रद्धा म्हणजे काय, खात्री होती.

तिनं स्टूल ओढून घेतलं आणि आकड्याकडे बघत बसली. तो वाढत होता. वीज वाढते तेव्हा चढ चढल्यासारखी सलग वाढते, हे तिला ठाऊक होतं. हा आकडा जागच्या जागी बराच वेळ थांबायचा आणि मग एकदम एक पायरी चढायचा. पुन्हा थांबायचा. पुन्हा एक पायरी.

प्रत्येक पायरीला गाडीचा मागचा शॉकअप बारीकसा करकरायचा.

४

दुपारी मंगल आली. फडक्यात भाकरी आणि तव्यावरचं पिठलं बांधून आणलं होतं.

"खा आधी. तोंड बघा कसं वाळलंय. दिवा काय पळून चाललाय का?"

ऋतुजानं भाकरी मोडली आणि सरळच विचारलं, "वहिनी, पाडव्याला काय झालं होतं?"

"काय व्हायचंय. हंगाम सपला, आमी घरला आलो." मंगल फरशीवर टेकली. गाडीकडे न बघता शटरच्या बाहेरच्या उन्हाकडे बघत तिनं सांगायला सुरुवात केली. "माझी जाऊ हुती, बबिता. गेल्या हंगामात तिकडंच गेली. तापानं. उसाच्या फडातनं आली, पाचटाच्या कोपीत निजली, ती निजलीच. नदीच्या वाळूत जाळली. माझा दीर आता अर्धा कोयता झाला. जोडीतलं एक मेलं की मुकादम तसंच म्हंतो."

"मग?"

"आमच्या वस्तीची एक रीत हाय. कोप्या मोडल्या, सामान भरलं, की थोरली बाई उसाकडं तोंड करती आन् टोळीतल्या एकेकाचं नाव घेती. 'अमकी, चल गं घरला. तमक्या, चल रे.' सा सा महिने माणूस तिथं राबतंय. कुणाचा जीव मागं रेंगाळाय नको म्हनून. जित्या माणसाची नावं घेत्यात."

"तुम्ही बबिताचं घेतलं."

"घेतलं." मंगलनं हनुवटी वर केली. "कावून नको घेऊ? परक्याच्या वाळूत एकटी टाकून येऊ तिला? तिची गोधडी कॅरिअरला बांदली, नाव घेतलं, आन् गाडीवर बसले. सासू लई बोलली. बोलू दे."

मंगलच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता, आणि ऋतुजाला ती त्या क्षणी फार आवडली. तिनं मनात टिपण केलं: दुःखानं माणसाला ओझं जाणवतं, त्यात वेडं काही नाही. पण लगेच दुसरा विचार आला, की मीटरला दुःख होत नाही.

"म्हणजे ती आली, असं वाटतं तुम्हाला?"

मंगल हसली. "तुमी एवढ्या शिकल्याली बाई, तुमीच इचारता?" मग तिचं हसू हळूहळू गेलं. फडकं झटकून तिनं त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "ती आली आसती तर मला कळलं आसतं, ताई. ती लई बडबडी. गाडीवर मागं बसली की कानात किटकिट, किटकिट. ह्ये जे हाय त्ये बोलत न्हाई."

गाळ्यात कुठंतरी बारीक करकर झाली.

"आन् एक न्हाई," मंगल म्हणाली. "लई हाय."

ती उठली, पदर खोचला. दारात जाऊन वळली आणि नेहमीच्या सुरात म्हणाली, "पिठलं गार करू नका. आन् आमचा दिवा तेवढा लावाच. मला मरायचं न्हाई."

५

दिवेलागणीला लाईट गेली. समोरच्या गिरणीचा पट्टा फडफडत थांबला, बंकटच्या गॅरेजातलं गाणं अर्ध्यात तुटलं, आणि थोड्या वेळानं त्यानं शटर ओढल्याचा आवाज आला. "मॅडम, घरी जावा. तार काय अंड्यावर बसल्याली न्हाई!" तो जाता जाता ओरडला.

ऋतुजानं आपलं शटर अर्धं खाली घेतलं आणि मोबाईलचा उजेड बंद केला. तिला एकच गोष्ट बघायची होती. तार एवढी तापत असेल तर कुठल्यातरी जोडावर ती अंधारात लालसर दिसेल. तो जोड सापडला की काम झालं. विचार चांगला होता. कोणत्याही अभियंत्यानं हेच केलं असतं.

ती गाडीच्या कडेला उकिडवी बसली. डोळे अंधाराला सरावले. तार काळीच होती. मग केवळ हातसवयीनं तिनं मागच्या ब्रेकचा खटका हातानं दाबला.

मागे लाल उजेड पडला.

बॅटरी टेबलावर होती. बल्ब वाटीत होते. तिनं हात लांबवून वाटी चाचपली, काच काचेवर वाजली. रिकाम्या दिव्यातून येणारा तो उजेड गाडीच्या मागे, फरशीवर, शटरच्या फटीतून बाहेर पायरीवर आणि पुढे रस्त्यापर्यंत पसरला होता. तो पंख्यासारखा सलग पसरायला हवा होता. मध्ये काहीही ठेवलेलं नव्हतं, दुपारीच तिनं सगळी जागा झाडली होती.

तो सलग नव्हता. चाकाच्या लगेच मागून काळ्या पट्ट्या सुरू होत होत्या आणि लांब होत बाहेर गेल्या होत्या. उभ्या नडग्यांच्या सावल्या पडतात तशा, जोडी-जोडीनं. जोडीमागे जोडी, एकीच्या आड दुसरी, शटरखालून बाहेर, रस्ता ओलांडून, जिथवर लाल उजेड पोचत होता तिथवर. तिनं नडग्या शोधल्या. नडग्या नव्हत्या. उजेड नुसता अडत होता.

त्यातल्या काही जोड्या फार आखूड होत्या.

मग तिला आवाज आला. वाळलेल्या पाचटावर कोणी पायांची चुळबूळ करावी तसा. उसाचं पाचट. इथून कितीतरी कोसांपर्यंत ऊस नव्हता. रांगेत फार वेळ उभं राहिलेलं माणूस एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतं, तेवढीच ती चुळबूळ. सगळ्यांत पुढची जोडी फरशीवरून उचलली गेली, आणि शॉकअप करकरत खाली बसला.

ऋतुजा पळाली नाही.  तिनं खटका सोडला. अंधार झाला. चुळबूळ आणखी थोडा वेळ राहिली आणि मग तीही थांबली, तिनं पाहिलं हे त्यांना कळल्यासारखी.

लाईट आली तेव्हा फरशी कोरडी आणि रिकामी होती. गिरणी सुरू झाली. टेबलावरचं मीटर तिनं तारेभोवती धरलं. आकडा आणखी एक पायरी चढला होता.

६

त्या रात्री ती घरी आईशेजारी जाऊन निजली. झोप अशी आलीच नाही. पण पहाटेकडे तिचं डोकं नेहमीसारखं चालायला लागलं, आणि त्याबरोबर भीतीही जरा मागे सरली.

काय दिसलं, कोण होतं, हे तिला माहीत नव्हतं. ते शोधणं हा विषयही नव्हता. तिला भार माहीत होता. फडावरच राहून गेलेले, ज्यांना कोणी हाक मारली नव्हती, ते एका बाईच्या हाकेमागून निघाले होते, आणि परतायला वाट म्हणून त्यांना आदिनाथच्या गाडीची एक काळी तार मिळाली होती. तार तोडली तर दिवा लागणार नाही, आणि दिवा लागला नाही तर नगर रोडला रात्री मागून ट्रक येईल. तार जाड केली तर ती जळते, हे दोनदा सिद्ध झालं होतं. आणि नुसतं तोडून टाकायचं, इतक्या लांबून आलेल्यांना पुन्हा रस्त्यावर उभं करायचं, हे तिला पटेना. एका तारेला भार झेपत नसेल तर येणाऱ्याला थांबवत नाहीत. शेजारून दुसरी तार टाकतात. भार वाटला जातो. पहिल्या वर्षाचा पहिला धडा.

सकाळी तिनं शटर पूर्ण वर केलं. उजेड स्वच्छ होता. आदिनाथ आणि मंगल आलेले होते, आणि मागोमाग टोळीतल्या बाकीच्या गाड्या शेवटच्या तपासणीला येऊन रस्त्याच्या कडेला लागत होत्या. गोधड्या, पातेली, कोंबडीचं खुराडं, हसणं, शिव्या.

ऋतुजानं बॅटरी आणि बल्ब जागच्या जागी बसवले. मग काळ्या तारेचं भेंडोळं घेतलं, हातभर तुकडा कापला, त्याचं एक टोक आदिनाथच्या दिव्यामागच्या नटाला आवळलं आणि स्वतःची स्कूटर ढकलत आणून दुसरं टोक तिच्या मागच्या दिव्याला लावलं.

बंकट मिस्त्री आपल्या दारातून बघत होता. "मॅडम, ह्ये कुठलं शास्त्र? गाडीला गाडी बांदून नेत्यात व्हय?"

"थोडा वेळच, काका."

स्कूटरवर कोणी बसलेलं नव्हतं. तिची मागची बाजू हळूच खाली गेली, माणूस सांभाळून बसतं तशी, आणि तिथंच राहिली. बंकट दारातून एक पाऊल मागे सरला. ऋतुजानं मीटर धरलं. आदिनाथच्या तारेवरचा आकडा एक पायरी उतरला होता. एकच.

तिनं तार सोडवली. स्कूटर खालीच राहिली. म्हणजे जो आला तो बसला होता.

मंगलनं हे सगळं पाहिलं. ती जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, नाव ठाव न्हाई तिचं. का त्याचं."

"मी विचारीन."

"बोलत न्हाईत म्हनलं ना."

"मग बोलेपर्यंत थांबीन. तुम्ही नका काळजी करू, वहिनी. तुमचा दिवा लागेल."  आदिनाथची तार अजून गरम होती. एक कमी होऊन भागणार नव्हतं. तिनं रस्त्याच्या कडेच्या रांगेकडे पाहिलं. किती गाड्या होत्या! प्रत्येकीच्या मागे कॅरिअर, प्रत्येकीच्या मागे दिवा, आणि तिनं स्वतःच्या हातानं टाकलेली नवी जाड तार.

तिनं तिथंच ठरवलं. गुपचूप काही जोडायचं नाही. प्रत्येकाला खरं सांगायचं, काल जे दिसलं ते दिसलं तसं सांगायचं, आणि जो हो म्हणेल त्याच्याच गाडीला तार लावायची. जो नाही म्हणेल त्याला दोष द्यायचा नाही. भेंडोळ्यातून तिनं तुकडे कापायला घेतले, भरपूर कापले, खांद्यावर टाकले, आणि पहिल्या गाडीपाशी गेली. धर्मराजची गाडी. तो सीटवर एक पाय टाकून तंबाखू मळत होता आणि त्याची बायको कॅरिअरची दोरी आवळत होती.

"धर्मराजभाऊ," ऋतुजा म्हणाली, "तुमच्या मागे आणखी एकासाठी जागा आहे का?"